मातीला ओझं आठवतं

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रीखंडासाठी चक्का बांधणं हे आपल्याकडे घरोघर माहीत असलेलं काम. दही फडक्यात घालायचं, पुरचुंडी बांधायची, चाळणीत ठेवायची आणि वर पाट ठेवून त्यावर वरवंटा. रात्रभर पाणी निथळत राहतं. सकाळी वरवंटा उचलला म्हणून चक्का फुगून पुन्हा दही होत नाही. किंचित उसळी घेतो, इतकंच. आता तोच वरवंटा परत ठेवून पाहा. जवळजवळ काहीच घडत नाही, कारण तेवढं ओझं त्यानं एकदा सोसलेलं असतं. आणखी पाणी काढायचं असेल तर त्याहून जड काहीतरी शोधावं लागतं.

खाडीकाठची मऊ चिकणमाती अगदी अशीच वागते. आज आपण तिच्या या वागण्याबद्दल बोलणार आहोत. भार ठेवला तर ती किती बसते, काढला तर किती वर येते आणि हे आधीच सांगता यावं म्हणून अभियंत्यांनी कोणती गणितं उभी केली, हा आजचा विषय. विषय रूक्ष वाटेल, पण या गणितावर धक्के, धावपट्ट्या आणि हजारो लोकांची राहती घरं उभी आहेत.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. महाराष्ट्रात माती फुगते, आकसते असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन येते. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसाळ्यात फुगून भिंतींना तडे पाडणारी. तो प्रकार वेगळा, तिथे ओलं-कोरडं होण्याचा खेळ असतो. मी बोलतो आहे ती माती कायम पाण्याखाली, पाण्यानं गच्च भरलेली. ठाण्याच्या किंवा पनवेलच्या खाडीकाठी पायाखाली लागते ती.

या मातीचे कण म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यांसारखे. त्यांच्यामधल्या पोकळ्यांत पाणी. घन कणांच्या दुप्पट आकारमानाचं पाणी अशा मातीत सहज असतं. म्हणजे आपण जिच्यावर उभे राहतो, तिचा दोन तृतीयांश भाग पाणीच! पाणी व्यवहारात दाबलं जात नाही आणि कणही दाबले जात नाहीत. मग माती बसायची कशी? एकच मार्ग उरतो, पाण्यानं बाहेर पडायचं. आणि वाट इतकी अरुंद की पाणी थेंबाथेंबानं, वर्षानुवर्षं निघत राहतं.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं कार्ल टर्झागी या अभियंत्यानं. जन्म १८८३ चा, प्राग शहरातला. १९१६ मध्ये तो इस्तंबूलला शिकवायला गेला आणि पुढे तिथल्या रॉबर्ट कॉलेजात त्यानं हाताशी मिळेल त्या साहित्यातून उपकरणं जुळवून चिकणमातीवर प्रयोग केले. १९२३ मध्ये त्यानं आपलं समीकरण मांडलं आणि १९२५ मध्ये जर्मन भाषेत पुस्तक काढलं. मृदा-यांत्रिकी हे शास्त्र त्या पुस्तकापासून सुरू झालं असं मानतात.

टर्झागीची कल्पना समजायला सोपी आहे. पाण्यानं भरलेलं एक भांडं घ्या. आत स्प्रिंग, वर घट्ट बसणारी दट्ट्यासारखी झाकणी आणि झाकणीला सुईएवढं भोक. झाकणीवर वजन ठेवलं की पहिल्या क्षणी स्प्रिंगला काहीच कळत नाही. सगळं ओझं पाणी उचलतं. मग भोकातून पाणी झिरपू लागतं, झाकणी खाली येते आणि ओझं हळूहळू पाण्याकडून स्प्रिंगकडे जातं. स्प्रिंग म्हणजे मातीच्या कणांचा सांगाडा. मातीची ताकद आणि तिचं बसणं, दोन्ही ठरतं ते सांगाड्यावर येणाऱ्या दाबावरून. एकूण ओझ्यावरून नव्हे. हे एक वाक्य नीट कळलं की निम्मा विषय कळला.

टर्झागीच्या समीकरणाचं रूप उष्णता वाहण्याच्या समीकरणासारखंच आहे. त्यातून एक विलक्षण उपयोगी नियम निघतो. पाण्याला बाहेर पडायला जितकं अंतर कापावं लागतं, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर निम्मं केलं तर वेळ पाव होतो. म्हणूनच चक्का लवकर हवा असेल तर जाणत्या बायका एक मोठं गाठोडं बांधण्याऐवजी चार लहान पुरचुंड्या बांधतात.

आता थोडे आकडे घेऊ. समजा खाडीकाठी १० मीटर जाडीचा मऊ चिकणमातीचा थर आहे. त्याच्या मध्यावर सांगाड्यावरचा मूळ दाब चौरस मीटरला साधारण अडीच टन. त्यावर आपण दोन मीटर मुरमाचा भराव टाकला. म्हणजे चौरस मीटरला चार टनांची भर. अशा मातीचे नेहमीचे गुणांक घालून हिशेब केला तर जमीन अखेरीस सव्वा मीटरच्या आसपास बसते. दोन मीटर भराव टाकला आणि हाती आला पाऊण मीटर! पाणी थराच्या खालून आणि वरून, दोन्ही बाजूंनी निघू शकत असेल तरी यातलं ९० टक्के बसणं पुरं व्हायला वीसएक वर्षं लागू शकतात.

आता तो भराव सगळा उचलून न्या. जमीन सव्वा मीटर वर येईल का? नाही. येईल १२-१३ सेंटीमीटर, जेमतेम अर्धी वीत. भार घालताना मातीनं जी वाट धरली ती उतरणीची, भार काढताना परतीची वाट जवळजवळ सपाट. परत तेवढाच भार घाला, ती त्याच सपाट वाटेनं अर्धी वीत खाली जाईल. मात्र जुन्या ओझ्याची रेघ ओलांडली की पुन्हा घसरण सुरू.

या उतरणीचीही एक गंमत आहे. दाब किती वाढला यापेक्षा किती पट वाढला याला महत्त्व असतं. आपल्या उदाहरणात दाब अडीचाचा पाच टन झाला तर जमीन ९० सेंटीमीटर बसेल. पुढचे ९० सेंटीमीटर बसायला पाचाचा दहा टन व्हावा लागेल. गाणं शिकलेल्यांना हे चटकन समजेल. सप्तक बदललं की स्वराची कंपनसंख्या दुप्पट होते, कानाला मात्र चढ सारखाच वाटतो. मातीचंही तसंच.

मातीनं आजवर सोसलेला सर्वांत मोठा दाब हा तिच्या पोटात राहून जातो. आर्थर कासाग्रांदे या टर्झागीच्या सहकाऱ्यानं १९३६ मध्ये प्रयोगशाळेतल्या आलेखावरून तो शोधून काढण्याची रीत दिली आणि ती आजही वापरतात. ही आठवण कशाचीही असू शकते. लंडनच्या चिकणमातीवर एके काळी जाड थर होते, ते झिजून गेले आणि ओझं उतरलं, पण माती आजही त्या ओझ्याइतकी घट्ट आहे. उत्तर युरोपात हिमयुगातल्या बर्फाची आठवण सापडते. आपल्या खाडीतली माती मात्र भूशास्त्राच्या हिशेबानं कालची. तिच्यावर तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज फारसं काही आलेलंच नाही. म्हणून ती मऊ.

इथपर्यंतचं गणित सरळ खाली दाबण्याचं झालं. पण बांध घातला, इमारत उभारली की माती नुसती खाली दाबली जात नाही, कडेलाही सरकते. दाबणं आणि सरकणं यांचा हिशेब पूर्वी वेगवेगळा करत. एक पुस्तकाच्या एका प्रकरणात, दुसरा दुसऱ्यात. दोन्ही एका चौकटीत बसवण्याचं काम केंब्रिजमध्ये केनेथ रॉस्को, अँड्र्यू स्कोफील्ड आणि पीटर रॉथ यांनी केलं. त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख १९५८ चा. पुढे या मांडणीला केंब्रिजमधल्या कॅम नदीवरून ‘कॅम क्ले’ असं नाव मिळालं. अशा नावाची माती कुठल्या खाणीत सापडत नाही. ती कागदावरची, आदर्श माती. १९६८ मध्ये रॉस्को आणि जॉन बरलँड यांनी तिचं सुधारलेलं रूप दिलं. बरलँड हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

कॅम क्लेची कल्पना सूत्रांशिवाय सांगायची तर अशी. मातीभोवती एक अंडाकृती कुंपण आहे असं समजा. एका दिशेला सगळीकडून येणारा दाब मोजायचा, दुसऱ्या दिशेला सरकवणारा जोर. मातीची आत्ताची स्थिती म्हणजे कुंपणाच्या आतला एक ठिपका. ठिपका आतल्या आत फिरला तर माती थोडी दबते, थोडी उसळते आणि पूर्वपदावर येते. ठिपका कुंपणाला भिडून त्याला बाहेर ढकलू लागला की माती कायमची बदलते, पाणी टाकते, घट्ट होते आणि कुंपण मोठं होतं. भार काढला की ठिपका मागे येतो. कुंपण मात्र वाढलं तिथेच राहतं. मातीची आठवण म्हणजे हे कुंपण! आणि सरकवणारा जोर वाढत गेला तर शेवटी अशी एक स्थिती येते, की माती ना आकसते ना फुगते, नुसती वाहत राहते. तिला क्रिटिकल स्टेट म्हणतात. या साऱ्यासाठी आकडे लागतात मोजून पाच. मला या मांडणीचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते याच काटकसरीचं. नंतर आलेल्या काही मांडण्यांना वीस-वीस आकडे लागतात आणि ते मोजता मोजता प्रकल्प संपून जातो.

आता पिसाच्या मनोऱ्याकडे वळू. मऊ मातीवर भार चढवण्याची आणि उतरवण्याची इतकी मोठी आणि इतकी नोंदलेली कथा दुसरी नसेल.

मनोऱ्याचं काम ११७३ मध्ये सुरू झालं. वजन सुमारे साडेचौदा हजार टन, पाया जेमतेम वीस मीटर व्यासाचा. म्हणजे चौरस मीटरला जवळपास ५० टन. खाली दहाएक मीटर गाळवट माती आणि त्याखाली चाळीसएक मीटर खोलीपर्यंत मुख्यतः मऊ सागरी चिकणमाती. पाच वर्षांत तीन-चार मजले झाले आणि ११७८ च्या सुमाराला काम थांबलं. पुन्हा सुरू झालं १२७२ मध्ये. मध्ये गेली ९४ वर्षं. सहा वर्षांत आणखी मजले चढले आणि काम पुन्हा थांबलं. घंटाघर बांधायला १३६० नंतरचा काळ उजाडला.

या खोळंब्यांनीच मनोरा वाचला. दोन्ही वेळा काम तसंच पुढे रेटलं असतं तर खालच्या मातीतलं पाणी निघायला वेळ मिळाला नसता, सांगाडा कच्चा राहिला असता आणि मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं आजची गणितं सांगतात. मधल्या शतकभरात चक्का बांधला गेला. कुंपण वाढलं, मग पुढचं ओझं आलं. कुणी हे ठरवून केलं नव्हतं हे उघड आहे, पण भरावाचं काम टप्प्याटप्प्यानं करा, मध्ये थांबा, असं आज आपण ठेकेदाराला सांगतो ते हेच.

तरी मनोरा सरासरी तीन मीटर जमिनीत गेला आणि दक्षिणेकडे कलला. जुन्या गवंड्यांना ते दिसत होतं. घंटाघराकडे चढताना उत्तरेला चार पायऱ्या आणि दक्षिणेला सहा आहेत, त्या कल सावरण्याच्या प्रयत्नातूनच. १८३८ मध्ये जमिनीत गेलेला तळ दिसावा म्हणून भोवती चर खणला, तेव्हा मनोरा आणखी कलला. १९८९ मध्ये इटलीतल्याच पाव्हिया गावचा जुना मनोरा अचानक कोसळून चार माणसं गेली. त्या धक्क्यानं जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा लोकांना बंद करण्यात आला. कल तेव्हा साडेपाच अंश होता. उपायांसाठी मिखेले यामिओलकोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्यात लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे प्राध्यापक म्हणून जॉन बरलँड होते. कॅम क्लेवाले तेच.

बरलँड आणि त्यांचे सहकारी डेव्हिड पॉट्स यांनी संगणकात मनोरा आणि माती उभी केली. मातीसाठी वापरली ती सुधारित कॅम क्लेच. ११७३ पासूनचा सारा इतिहास तिला टप्प्याटप्प्यानं भोगायला लावला. एवढे मजले, मग इतकी वर्षं थांबा, मग एवढे मजले. संगणकातला मनोरा साडेपाच अंशांना पोचायच्या किंचित आधीच पडत होता! म्हणजे खरा मनोरा पडण्याच्या अगदी काठावर उभा होता.

मोजमापांतून आणखी एक गोष्ट हाती लागली. दक्षिणेची बाजू खचते आहे असंच सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात विसाव्या शतकातली हालचाल वेगळी होती. दक्षिणेची कड जवळपास त्याच पातळीवर होती आणि उत्तरेची कड वर येत होती. उत्तरेला ओझं कमी झालेली माती उसळत होती. मग उपाय उघड होता, उत्तरेला ओझं ठेवा. १९९३ मध्ये उत्तरेच्या पायावर ६०० टन शिशाच्या लाद्या रचायला सुरुवात झाली. कल अंशाच्या साठाव्या भागाहूनही थोडा कमीच मागे आला, पण आठ शतकांत पहिल्यांदाच मनोरा उलट दिशेला हलवता आला. १९९५ मध्ये शिशाऐवजी जमिनीत ताण देणारे दोर बांधण्याच्या खटपटीत माती गोठवली, तेव्हा मनोरा दक्षिणेला झपाट्यानं सरकू लागला आणि शिसं ९०० टनांवर न्यावं लागलं.

कायमचा उपाय होता उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून घेण्याचा. ही सूचना फर्नांदो तेर्राचिना या अभियंत्यानं १९६२ मध्येच केली होती आणि मेक्सिको शहराच्या कॅथेड्रलखाली तशी रीत वापरलीही गेली होती. तिरक्या छिद्रातून थोडी माती काढायची. मऊ मातीत ती पोकळी आपोआप मिटते आणि वरचा पाया तेवढा खाली येतो. धोका एवढाच की फार आत शिरून माती काढली तर मनोरा उलट दक्षिणेलाच झुकेल. ही लक्ष्मणरेषा पायाच्या उत्तर कडेपासून साधारण अर्ध्या त्रिज्येइतकी आत आहे, हे संगणकातल्या कॅम क्लेनं आणि छोट्या प्रतिकृतींवरच्या प्रयोगांनी दाखवलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये चाचणी झाली, मग २००० आणि २००१ मध्ये मुख्य काम. मोजमापं रोज फॅक्सनं लंडनला जात, ती पाहून पुढची माती कुठून काढायची ते ठरे. सगळी मिळून माती निघाली ३८ घनमीटरच्या आसपास, म्हणजे पाच-सहा ट्रक. कल अर्ध्या अंशानं कमी झाला, शिसं उतरवलं आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या स्थापत्यातलं हे सर्वांत संयमी काम.

आता घरी परतू. नवी मुंबईत, उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या भरावावर वस्ती वाढली. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं ते याच मातीच्या शेजारी. अशा भागात एक दृश्य नेहमीचं असतं. इमारत जागच्या जागी, पण जोत्याशी फट पडलेली, फरशी दबलेली आणि पहिली पायरी अधांतरी. रहिवासी म्हणतात, इमारत वर आली. इमारत कुठली वर येते! ती पाइलवर, खालच्या खडकाला टेकून उभी असते. भोवतीचा भराव मऊ मातीला दाबत असतो आणि जमीन खाली जात असते. सांडपाण्याचा नळ इमारतीतून बाहेर पडतो तिथेच तुटतो, तो त्यामुळे. शिवाय बसणारी माती पाइलला धरून खाली ओढते. म्हणजे पाइलवर इमारतीच्या वजनाखेरीज मातीचंही ओझं येतं आणि हिशेबात ते धरलं नसेल तर पुढे महागात पडतं.

यावरचा इलाज चक्क्याचाच. थरात एकेक मीटरवर उभ्या निचरा-पट्ट्या खुपसायच्या, म्हणजे पाण्याला पाच मीटरऐवजी अर्धा मीटर चालावं लागतं आणि वीस वर्षांचं काम आठ-दहा महिन्यांत होतं. वर, पुढे येणार असेल त्याहून मीटरभर जास्त भराव टाकायचा. पुरेसं बसलं की जादा भराव काढून न्यायचा. जमीन दोन-चार सेंटीमीटर वर येते आणि मग इमारत, रस्ता किंवा धावपट्टी येते ती कुंपणाच्या आत, सपाट वाटेवर. जपानमध्ये ओसाकाजवळ समुद्रात भराव टाकून केलेला कान्साई विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला. तिथे वरच्या चिकणमातीत दहा लाखांच्या आसपास वाळूचे निचरे घातले. पण त्याखाली जुन्या चिकणमातीचे फार खोल थर आहेत, त्यांच्यापर्यंत निचरे पोचत नाहीत. ते अजून बसताहेत. भराव टाकल्यापासून पहिलं बेट १२ मीटरहून अधिक खाली गेलं आहे. इमारतीचे खांब जॅकनं उचलून खाली लोखंडी पत्रे सरकवण्याची सोय मुळातच करून ठेवलेली आहे.

कॅम क्लेला काय जमत नाही, तेही सांगायला हवं. पाणी निघून गेल्यावरही मऊ माती वर्षानुवर्षं अगदी सावकाश बसतच राहते. मूळ मांडणीत काळाला ही जागा नाही. कुंपणाच्या आत माती निमूट मागेपुढे होते असं ती मानते. पण टाकीत तेल भरा-उपसा, भरा-उपसा असं होत राहिलं किंवा रुळांवरून गाड्या जात राहिल्या तर दर फेरीला थोडं थोडं कायमचं बसणं साचत जातं. त्यासाठी नव्या मांडण्या आहेत, कुंपणाच्या आत दुसरं लहान कुंपण घालणाऱ्या. आणि खरी पंचाईत गणिताच्याही आधी होते. दहा मीटर खोलीवरून नळीत माती काढून वर आणणं म्हणजेच तिचा भार उतरवणं. वर येताना ती थोडी फुगते, नळीच्या कडेनं खरवडली जाते, ट्रकमध्ये हादरे खाते. जुन्या ओझ्याची रेघ जिथे आलेखात कोपऱ्यासारखी दिसायला हवी, तिथे गुळगुळीत वळण येतं. आठवण अर्धी पुसली गेलेली असते. नमुने काढण्यात पैसे वाचवून महागड्या संगणक-प्रणालीवर खर्च करणारे प्रकल्प पुष्कळ आहेत. मला हे उलटं वाटतं.

म्हणून कामावर अजूनही साधीच सोय केलेली असते. भरावाखाली लोखंडी प्लेट, तिला जोडलेला उभा पाइप आणि त्याच्या टोकाची उंची ठरावीक दिवसांनी लेव्हल लावून घ्यायची. शेजारी मातीतला पाण्याचा दाब मोजणारी नळी. असाओका या जपानी संशोधकानं १९७८ मध्ये एक युक्ती दिली. सारख्या अंतरानं घेतलेले आकडे, आजचा कालच्यासमोर असे मांडत गेलं की ठिपके एका रेषेत येतात आणि शेवटी किती बसणार ते कळतं. जादा भराव कधी काढायचा ते त्यावरून ठरतं. आणि भराव काढल्यावर पहिल्या आठवड्यात प्लेट किती वर आली, तो आकडाही त्याच वहीत लिहून ठेवतात.